करंट गेल्यावरचा वर्ग

वडगावात करंट गेला की सगळी गल्ली शिव्या द्यायची, आणि मी आरशासमोर उभा राहून टोपी नीट करायचो.

याचं कारण सांगायचं तर आधी गल्ली सांगावी लागेल. सीमाभागातलं आमचं वडगाव, आणि आमच्या गल्लीत घराघरांत पॉवरलूम. माझ्या डाव्या भिंतीपलीकडे परशरामचे माग, उजव्या भिंतीपलीकडे त्याच्या चुलतभावाचे, आणि मधे मी. गल्लीत माग नसलेलं एकमेव घर माझं, त्यामुळे शांतता म्हणून जे काही असतं ते माझ्या घरात असायला हरकत नव्हती. पण दोन्हीकडून इतका खडखडाट यायचा की भिंतीवरचं कॅलेंडर आपोआप पुढच्या महिन्याकडे सरकायचं. बायको होती तेव्हा आम्ही दोघं घरातल्या घरात ओरडून बोलायचो. ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं की ओरडून सांगावं असं माझ्याकडे काहीच उरलेलं नाही. मुलगा भिलाईला. नोकरीतून मोकळा झालो तेव्हापासून दिवसभरात माझं बोलणं व्हायचं ते दूधवाल्याशी, आणि कधी कधी रेडिओवरच्या बातम्या देणाऱ्या बाईंशी. त्या उत्तर देत नसत, पण निदान 'नमस्कार' तरी म्हणायच्या.

मला एकटं वाटायचं. हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला हे असं उघड सांगायला जड जातं, पण पुढचं सगळं रामायण त्याच्यामुळेच झालं, म्हणून सांगून टाकलं.

तर एके दिवशी परशरामची बायको शालूबाई दारात आली. तिच्या मागे गल्लीतल्या आणखी बायका.

"मास्तर, तुमाला एक काम सांगायचं हाय."

मी मास्तर नव्हतो. आयुष्यात कधीही नव्हतो. पण ज्याच्या खिशाला पेन असतं आणि घरात माग नसतो, तो मास्तर, असा गल्लीचा कायदा होता. मी बरेच महिने हेडक्लार्क आणि मास्तर यांतला फरक समजावून दिला होता. लोक मान डोलवायचे आणि म्हणायचे, "खरं हाय मास्तर."

शालूबाईचं म्हणणं असं की गल्लीतली पोरं कुणी कॉन्व्हेंटात, कुणी कानडी शाळेत. तिथं ती हुशार आहेत. पण घरची भाषा फक्त जिभेवर राहिली, हाताला यायची बंद झाली. "आमच्या अंबूला तिच्या आजीला चार ओळी लिवाय सांगटलं, तर आर्धं कानडी, आर्धं इंग्लिश. आजी म्हणती, हे पत्र हाय का भविष्य?" म्हणून बायकांनी आपसांत ठरवलं होतं की घरच्या घरीच वर्ग चालवायचा. पाचवी ते सातवीची पोरं. परशरामचा चुलतभाऊ गणित घेणार, कोपऱ्यावरची अक्काताई पाढे आणि श्लोक घेणार, आणि कथा सांगणं-लिहिणं माझ्याकडे. ज्याच्या घरची पाळी, त्यानं चटई, पिण्याचं पाणी आणि एक मोठं माणूस पुरवायचं.

कथा माझ्याकडे का, तर माझी एक कथा पूर्वी एका दिवाळी अंकात छापून आली होती. हे मीच गल्लीत सांगितलं होतं. पुढच्या वर्षी तो अंक निघाला नाही. त्याचा माझ्या कथेशी काहीही संबंध नव्हता.

"आणि वेळ कोणती?" मी अधिकाऱ्यासारखं विचारलं.

"वेळ कसली, मास्तर? करंट गेला की."

माग चालू असले की पोरं कांड्या भरायला बसायची. मागावर इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरणं हे घराघरांतलं पोरांचं काम. शिवाय त्या आवाजात तोफ उडवली तरी ऐकू गेली नसती. तेव्हा करंट गेला, माग थांबले, की वर्ग. त्या काळात, म्हणजे ब्याऐंशी-त्र्याऐंशी सालात, करंट कधी जाईल याचा नेम नव्हता. सकाळी मी अर्धी दाढी करत असताना आवाज बंद व्हायचा आणि गल्लीत पोरांचा ओरडा, "करंट गेलाऽऽ! मास्तऽऽर!" मी अर्ध्या दाढीनिशी निघायचो. दुपारी ताटावरून उठायचो. सगळं वडगाव ज्या अंधाराला घाबरायचं, त्याची मी खडू खिशात घालून वाट बघायला लागलो.

वर्ग थांबलेल्या मागांच्या मधल्या जागेत भरायचा. पहिल्या दिवशी मी फळ्यावर लिहिलं: कथेला सुरुवात पाहिजे, अडचण पाहिजे, शेवट पाहिजे. मोठं माणूस म्हणून त्या दिवशी परशराम बसला होता. मोठं माणूस मुलांवर लक्ष ठेवायला, असं ठरलं होतं. प्रत्यक्षात ते माझ्यावर लक्ष ठेवायचं.

"मास्तर, आडचण कशाला पायजे?" परशराम म्हणाला. "पोरास्नी चांगलं कायतरी शिकवा की."

"अडचण नसेल तर कथा होत नाही."

"मग आमच्या घरात लई कथा हाईत."

सगळी पोरं हसली. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी हसल्यामुळे मला ठसका लागला आणि पाणी प्यावं लागलं.

मुलांनी कथा लिहायला सुरुवात केली आणि एक चमत्कारिक गोष्ट माझ्या ध्यानात आली. कुणाचाही राजा लढाई जिंकत नव्हता, कुणाचीही राजकन्या सुटत नव्हती. तलवार उगारली जायची, वाघ झेप घ्यायचा, आणि पुढची ओळ: "एवढ्यात करंट आला. संपली." मी रागावलो. मग कळलं की त्यांच्या बाजूनं ते बरोबरच होतं. वर्गात मी सांगत असलेली प्रत्येक गोष्ट आजवर तशीच संपली होती. करंट आला की पोरं वाघाला हवेत सोडून कांड्या भरायला पळायची, आणि मी पुढच्या वेळी नवी गोष्ट काढायचो. गोष्ट संपण्याची रीत हीच, अशी त्यांची खात्री झाली होती. गुंडू नावाचा एक मुलगा तर म्हणाला, "मास्तर, वाघाला खाली आणाय करंट जायला लागतोय."

दुसरा त्रास मोठ्या माणसांचा. शालूबाईचा भाऊ नागोजी येळ्ळूरचा. बहिणीकडे सारखा यायचा आणि हौसेनं मोठं माणूस म्हणून बसायचा. एकदा एका मुलीनं कथेत बेळगुंदीचा राक्षस घातला. नागोजी ताडकन उठला.

"राक्षस बेळगुंदीचा कशाला? माजी सासुरवाडी हाय ती."

"मग येळ्ळूरचा करू?" मुलीनं विचारलं.

"आगं तिथं मी ऱ्हातोय!"

शेवटी राक्षस गावाच्या हद्दीबाहेर, कुठल्याच गावाच्या नावावर नसलेल्या जागेत राहतो असं ठरलं. मला ही वाङ्मयात ढवळाढवळ वाटली. घरी परतून रेडिओवरच्या बाईंना मी हा सगळा प्रसंग सांगितला. सांगण्यासारखं काही असलं की संध्याकाळ लवकर जाते.

पण करंटनं ताळतंत्र सोडलं. आता तो जायचा आणि यायचं नावच घ्यायचा नाही. माझा वर्ग दिवसाला दोनदा भरू लागला. माझ्या कथांमधले वाघ खाली आले, लढाया निकालात निघाल्या. मुलं उपमा-बिपमा घालू लागली. आणि गल्लीतली तोंडं उतरत गेली. माग बंद, माल वेळेवर नाही, व्यापारी दारात. परशराम वर्गात बसायचा तेव्हा हसेनासा झाला. तो थांबलेल्या मागावरून नुसता हात फिरवत राहायचा. मी इकडे फळ्यावर 'प्रसंगवर्णन' लिहीत असायचो आणि मला माझ्याच अक्षराची लाज वाटायची.

एका संध्याकाळी सगळे माझ्या कट्ट्यावर जमले. विजेच्या ऑफिसला अर्ज द्यायचा ठरला. आधी दिलेल्या अर्जांना उत्तर आलं नव्हतं.

"मास्तरांनी लिवावा," परशराम म्हणाला. "पुस्तकात छापून आलेला माणूस हाय आपल्याकडं."

आता माझी काय अवस्था झाली ते बघा. अर्ज चांगला लिहिला तर करंट येणार. करंट आला तर वर्ग बंद. वर्ग बंद तर मी, दोन भिंती आणि बातम्या देणाऱ्या बाई. मी म्हणालो, मी कथा लिहितो, अर्ज हा निराळा प्रकार आहे. चोवीस तास विचार करायला हवा. प्रकृतीही बरी नाही. तेवढ्यात परशरामची अंबू, सातवीतली, बापाच्या मागून डोकावून म्हणाली, "मग आमी लिवतो की. वर्गात. मास्तर फक्त तपासतील."

लोक लगेच कबूल झाले. आपल्याच विद्यार्थिनीनं आपल्याला कोंडीत पकडावं याचा राग यावा की अभिमान वाटावा, हे मला तिथल्या तिथं ठरवता आलं नाही.

अर्ज लिहायला सगळा वर्ग बसला, आणि मी शिकवलेलं एकेक कलम माझ्यावर उलटलं. 'वाचणाऱ्याची उत्सुकता ताणली पाहिजे' असं मी सांगितलं होतं, म्हणून आपल्याला करंट हवा आहे हे त्यांनी शेवटच्या पानापर्यंत सांगितलंच नाही. 'अमुक एका माणसावर गोष्ट उभी करा' असं मी म्हटलं होतं, म्हणून त्यांनी एक नवरी निर्माण केली. तिच्या लग्नाचं लुगडं मागावर अर्धं विणलेलं, तिथी जवळ आलेली, आणि करंट गेलेला. खलनायक कोण, यावर बराच वाद झाला. नागोजी म्हणाला, "सरकार." परशराम हात जोडून म्हणाला, "आरं, साहेब वाचणार हाय ते. साहेबाला आवडंल असा खलनायक करा." तेव्हा पोरांनी विजेच्या तारेवर बसणारा एक काळाकुट्ट कावळा केला. तो तारेवर येऊन बसला की करंट जायचा. मी तपासायला बसलो. मनात आलं असतं तर कावळा काढून टाकून, 'उपरोक्त विषयास अनुसरून' घालून त्या अर्जाची मुंडी मुरगळता आली असती. पण तो फार चांगला उतरला होता. मी फक्त एका वाक्यातली क्रियापदं जवळ आणली.

ऑफिसातल्या क्लार्कनं अर्ज उलटसुलट बघितला आणि परत दिला. "कन्नडदाग बरकोंड बर्री." कानडीतून लिहून आणा. नागोजी तिथंच पेटला. कानडीत अर्ज म्हणजे काय, आपण मराठी माणसं, येळ्ळूरला कळलं तर लोक काय म्हणतील. परशराम म्हणाला, "येळ्ळूरला कळवू नगोस." शेवटी कानडी शाळेतल्या पोरांनी कानडी प्रत केली, मराठी प्रत खाली जोडली, आणि नागोजीनं मराठीच्या पानावर तेवढी सही केली. मग क्लार्क म्हणाला की ही गल्ली आमच्या सेक्शनला येत नाही. पलीकडच्या टेबलानं सांगितलं की येते, पण साहेब हुबळीला गेलेत. साहेब आले तेव्हा शिक्का मारणारा सुट्टीवर. हेडक्लार्क असताना मीही लोकांना असंच फिरवलं असेल का, असा विचार त्या बाकावर मला शिवून गेला, पण मी तो लगेच झटकला. आमच्याकडे निदान बसणाऱ्याच्या डोक्यावर पंखा होता.

आणि मग एके दिवशी गल्लीत जीप आली.

इंजिनिअरसाहेब धारवाडकडचे, जाड भिंगांचा चष्मा, हातात आमचा अर्ज. उतरल्या उतरल्या त्यांनी आधी वर तारांकडे नजर फिरवली. कावळा शोधत असावेत. मग परशरामकडे वळून म्हणाले, "आ हुडुगीदु लग्न आतेन्री?" त्या मुलीचं लग्न झालं का?

गल्ली गारठली. सरकारी अर्जात नसलेली नवरी घातली म्हणजे फसवणूक, आणि खाली सगळ्यांच्या सह्या. परशरामनं माझ्याकडे बघितलं. मी नागोजीकडे. नागोजीनं आपली सही फक्त मराठी पानावर आहे हे हलक्या आवाजात सांगितलं. शालूबाईनं तर पुढे होऊन कोपऱ्यावरच्या अक्काताईला दंडाला धरलं. अक्काताई पाढे शिकवायची, वय साठीच्या पुढं, चार नातवंडांची आजी. "हिचंच लगीन," असं शालूबाई म्हणणार, एवढ्यात अंबू पुढं आली आणि खणखणीत कानडीत म्हणाली, "कथी री सर. खरे अल्ल."

कथा आहे, खरं नाही.

साहेब इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. ते म्हणाले, रोज ढीगभर अर्ज येतात, पहिल्या ओळीत काय हवंय ते कळतं आणि मी बाजूला ठेवतो. हा शेवटपर्यंत वाचला, कारण काय हवंय तेच कळेना. घरी नेऊन बायकोला वाचून दाखवला. ती रोज विचारते, लग्न झालं का. मग त्यांनी विचारलं, हे शिकवलं कुणी? सगळी बोटं माझ्याकडे वळली. मी टोपी सरळ केली. साहेबांनी माझा हात हातात घेतला. "छलो बरदीरी." चांगलं लिहिलंत. दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला पत्रात 'अंक सोबत पाठवीत आहोत' एवढंच लिहिलं होतं. आयुष्यात माझ्या लिहिण्याला मिळालेली ही पहिली शाबासकी, तीही मी न लिहिलेल्या लिखाणाला.

पुढं साहेबांनी कुठं काय हलवलं मला माहीत नाही, पण थोड्याच दिवसांत गल्लीच्या तोंडाशी नवा ट्रान्सफॉर्मर बसला. नारळ फोडायचा मान मला दिला. माझ्या गळ्यात हार घालून परशराम भाषण करायला उभा राहिला आणि "मास्तरांमुळं" एवढंच म्हणून खाली बसला. मग बटण दाबलं. सगळी गल्ली एकदम खडखडायला लागली. बायका, पोरं, नागोजीसुद्धा, सगळे माझ्या पाया पडून आपापल्या घरात पळाले. ट्रान्सफॉर्मरखाली मी आणि नारळाची शकलं उरलो.

त्यानंतर करंट गेला नाही. म्हणजे जायचा, पण इतका लगेच यायचा की टोपी घालेपर्यंत माग सुरू. मी दाढी पूर्ण करू लागलो. जेवण पानात गार न होता संपू लागलं. परशरामच्या घरी नवं कपाट आलं, चुलतभावानं आणखी एक माग घातला, अक्काताईच्या घरावर नवे पत्रे पडले. रस्त्यात भेटतील ते हात जोडायचे, "मास्तर, तुमच्यामुळं," आणि घाईनं पुढं जायचे. मला त्यांचं बरं झालेलं बघून मनापासून बरं वाटायचं. रात्री अंथरुणावर पडलो की मात्र वाटायचं, एखाद्या कावळ्यानं त्या तारेवर बसावं. फक्त तासभर.

मी वर्गाची वेळ बदलून पाहिली. सुट्टीच्या दिवशी घ्यावा म्हटलं, तर सुट्टीला पोरांना कांड्या जास्त. माझ्या घरी घ्यावा म्हटलं, तर दोन्ही भिंतींतून येणाऱ्या आवाजात वर्ग घेणार कसा? शालूबाई ओशाळून म्हणाली, "कर्जाचे हप्ते फिटले की बघू, मास्तर." मी म्हटलं, "हो, हो, घाई नाही." खडू खिशात पडून होता. त्याचा भुगा झाला तेव्हा मी सदरा झटकला.

एका दुपारी मी खुर्चीत बसून होतो. दोन्ही बाजूंचे माग पूर्ण जोरात होते, रेडिओ लावण्यात अर्थ नव्हता. दारात अंबू उभी राहिली. केसांत सुताचे तंतू, हातात घडी घातलेला कागद. तोंड हलताना दिसलं, पण शब्द काही पोचला नाही. ती आत आली, समोर जमिनीवर मांडी घालून बसली आणि कागद उलगडून वाचायला लागली. कथा होती, एवढं तिच्या तोंडावरून दिसत होतं. कुठंतरी कुणीतरी पळत होतं, कारण ती भरभर वाचत होती. मग कुणीतरी थांबलं. एका ठिकाणी तिला हसू आलं आणि ती माझ्याकडे बघायला लागली, म्हणून मीही हसलो. पुढं तिचा चेहरा पडला. मीही चेहरा पाडला. हात पुढं केला असता तर कागद घेऊन दोन मिनिटांत वाचून झाला असता, चष्मा माझ्या नाकावरच होता. मी हात मांडीवरच ठेवला.

तिचं वाचून झालं. कागदाची घडी घालता घालता तिनं मान वर करून विचारलं. बहुधा, कशी झालीय म्हणून.

मला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं.

"पुन्हा वाच," मी ओरडून म्हटलं.